दाराला दुसऱ्याचं कुलूप

परवा नातीबरोबर एका हॉस्टेलात उतरले होते. एका खोलीत सहा जणी, पलंग वर-खाली. समोरच्या मुलीने पिशवीतून कुलूप काढून आपल्या कपाटाला लावलं. इथे म्हणे कुलूप आपलं आपण आणायचं. मला हसूच आलं. अहो, आमच्या धर्मशाळांत दुसरं काय होतं!

एकदा नर्मदेकाठी आम्ही दोघं गेलो आणि कुलूप राहिलं घरी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे. शेजारच्या खोलीच्या दारात यवतमाळकडची एक बाई तांदूळ निवडत होती, एकटीच आलेली. आपलं कुलूप तिनं माझ्या हातात ठेवलं.

"जा बाई, दर्शन करून ये. मी हाये ना इथं बसलेली."

"आणि तुमचं दर्शन?"

"देव काय पळून चालला?"

रांगेत आमचे तीन तास गेले. तिची गाडी दुपारचीच होती, हे परतल्यावर कळलं. कुलूप घ्यायलाही न थांबता ती देवळाकडे धावली. मी तिच्या उघड्या दारात गाठोडं राखत बसले. देवळात मी मुलांच्या नोकऱ्यांपासून ह्यांच्या गुडघ्यापर्यंत सगळं मागून आले होते. तिच्या दारात मात्र एकच मागत राहिले, देवा, रांग लहान असू दे.

ती धापा टाकत आली, कपाळावर ओलं गंध. "झालं बाई!" म्हणाली, आणि कुलूप, गाठोडं उचलून गाडीकडे पळाली.

इतकं छान दर्शन मला देवळातही झालं नव्हतं.