निळा आधी संपतो

प्रिंटरपायी मी दोन मूर्खपणे केले. पहिला अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे ऐन तारुण्यात. जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले, घरात जीव रमेना, म्हणून विश्रामबागेतल्या आमच्या पुढच्या खोलीवर ‘रंगीत प्रिंट मिळतील’ अशी पाटी लावली. तासगावचे बेदाण्याचे एक व्यापारी आले. आण्णा म्हणायचे त्यांना सगळे. खोक्यांवर चिकटवायला दीडशे लेबलं हवी होती, पानभर हिरवीगार द्राक्षं. रंगीत कार्ट्रिजच्या डब्यावर छापलेलं, ‘दीडशे पानं’. दीडशेला दीडशे! गणिताच्या बाईंनी तेवढ्यावर भाव सांगून टाकला, वर चहाही पाजला.

तिसाव्या लेबलाला द्राक्षं पिवळी पडायला लागली. आण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. “बाई, माझा माल हिरवा हाय. ह्या द्राक्षास्नी कावीळ झालीया.”

मग आण्णांनीच फोन करून मिरजेहून ज्यांना बोलावलं, ते शाईचाचा. स्कूटरवरून दारोदार फिरून रिकामी कार्ट्रिजं भरून द्यायचा त्यांचा धंदा. डाव्या हाताची तीन बोटं तीन रंगांची, निळं, गुलाबी, पिवळं. कुठल्याही साबणाला न जुमानणारी. मतदानाला गेले की शाई लावणारी बाई आधी त्यांचा चेहरा बघते, मग यादी, मग पुन्हा चेहरा, असं ते स्वतःच हसत सांगायचे.

मी ते कार्ट्रिज केराच्या टोपलीत टाकणार, तेवढ्यात चाचा दारातूनच ओरडले, “आवं बाई, थांबा! एका डबीत तिघं भाऊ ऱ्हात्यात. निळा गेलाय. बाकीच्या दोघांना जित्तं पुरताय व्हय?”

हिरव्यात निळा लागतो, म्हणून तो आधी संपला होता. चाचांनी सुईनं नुसता निळा भरला आणि द्राक्षांची कावीळ उतरली. मग त्यांनी डबा माझ्यापुढं धरला. “हे दीडशे पान म्हंजे चार वळींचं पत्र. बाकी सगळं कोरं. तुमी तर पानभर मळा लावलाय.” शेकडेवारीवर पोरांना छड्या मारलेली मी. पानाचा किती भाग शाईनं भरणार, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

तेव्हापासून दर मंगळवारी ते यायचे. पिशवीत सोनाराकडचा असतो तसला छोटा काटा. भरण्याआधी कार्ट्रिज तोलायचं, भरल्यावर तोलायचं, आणि वजन चिकटपट्टीवर लिहून ती त्यावरच डकवायची. कंप्युटर ‘शाई संपली’ म्हणाला की मी घाबरायची. चाचा काट्याकडे बोट करायचे. “त्याचं ऐकू नगा. ह्याचं ऐका.” प्रिंटर सारखा बंद-चालू केलेला त्यांना खपायचा नाही. “चालू केला की तोंड धुतोय त्यो. आन धुतोय तुमच्याच शाईनं.” एकच कार्ट्रिज चौथ्यांदा भरायला मात्र ते साफ नकार देत. “तोंड झिजलंय त्याचं. आता रेघा मारंल आन शिव्या मला पडतील.”

बारा वर्षं अशी गेली. माझे गुडघे गेले, त्यांचा दम गेला. आधी पायरीवर बसायचे, धाप ओसरली की मग आत. आमच्या गल्लीत त्यांची आठ दारं होती. टाकीचे प्रिंटर आले, बाटलीतून शाई ओतली की महिनोन् महिने बघायला नको, तसं एकेक दार मिटत गेलं. “आता ह्या गल्लीत फकस्त तुमी,” ते एकदा चहा फुंकत म्हणाले. पण इकडे आण्णांची लेबलं वाढली होती, आणि भरताभरता मीही थकले होते.

शेवटी विचारलंच. “चाचा, टाकीवाला घेऊ का मी?”

“खरं सांगू का पोटाचं सांगू?”

“खरं.”

“मग घ्या.” आणि बशीतला उरलेला चहा त्यांनी खाली बघत संपवला.

घेतला. आणि इथं दुसरा मूर्खपणा केला, सत्तराव्या वर्षी. मंगळवार उजाडला तसा नवा प्रिंटर आतल्या खोलीत नेऊन त्यावर जुनं लुगडं टाकलं. टेबलावर जुनाच मांडून ठेवला. म्हटलं, त्यांचा एक मंगळवार तरी राहू दे. आयुष्यभर पोरांच्या कॉप्या पकडलेली बाई मी, पण सकाळीच काढलेली लेबलं तिथंच टेबलावर विसरले. हिरवीगार, ताजी.

चाचांनी कार्ट्रिज काढलं, तोललं. मागच्या मंगळवारचंच वजन. लेबलांकडे पाहिलं, आतल्या अर्धवट उघड्या दाराकडे पाहिलं. वाळू नये म्हणून कार्ट्रिजच्या तोंडावर नवी चिकटपट्टी लावून ते टेबलावर ठेवलं, काटा फडक्यात गुंडाळला. त्यानंतर ते आले नाहीत. स्कूटर विकून साताऱ्याला लेकीकडे राहायला गेले, असं आण्णांकडून कळलं.

त्या शेवटच्या मंगळवारी मी त्यांच्यामागून दारापर्यंत गेले होते, माफी मागायला. तोवर चाचा पायरीवर टेकले, धाप ओसरू दिली आणि वर न बघता म्हणाले, “बाई, त्याच्यावर लुगडं झाकलंय ते लय बरं केलं, धूळ वाईट. पन दिसाआड एक रंगीत पान काढत जावा. न्हाईतर निळा आदी वाळतोय, आन भरायला आता कोन येनार न्हाई.”