ढोकीच्या रांगेतली चावी

तुमच्या मोटारसायकलला शेजाऱ्याचीही चावी चालते, असं उद्या सकाळी लक्षात आलं तर तुम्ही काय बदलाल? कुलूप, की शेजारी?

उत्तराची घाई नाही. आधी करंटअण्णा कोण होते ते ऐका. हा प्रश्न मला त्यांच्या दुकानात पडला होता.

करंटअण्णा वीज चाखायचे. ढोकीच्या साखर कारखान्याबाहेर हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची लांबच लांब रांग लागते. तिच्या कडेला अण्णांचं पत्र्याचं दुकान होतं. गाडी आली, की एक हात तिच्या सांगाड्यावर ठेवायचा, बॅटरीकडून आलेल्या तारेचं टोक जिभेला लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. ‘आंबट’ म्हणजे बॅटरी उतरलेली. ‘तिखट’ म्हणजे भरलेली. या दोहोंच्या मधल्या अवस्थेला ते ‘हाटेलातली आमटी’ म्हणायचे. भिंतीवर मीटर टांगलेला होता, पण तो शोभेला. त्यात कधी सेल घातलेला मी पाहिला नाही.

“मीटरला सेल लागतोय,” ते म्हणायचे. “जिभेला काय लागतंय?”

अण्णा मूळचे उमरग्याकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि दिवा लागला की पुन्हा कानडी. कपाळावर विभूती, तिच्या शेजारी काळं ग्रीस, आणि तार जुळून बल्ब पेटला की एक आरोळी, “बंतु!” म्हणजे आला, आला! रांगेतल्या ड्रायव्हरांनाही ती सवय लागली होती. कुणाचा नंबर आला तरी ते “बंतु” ओरडायचे.

नम्रपणा हा अवगुण अण्णांकडे नव्हता. “म्या नसतो तर ह्यो कारखाना अंधारात पडला असता,” असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे. कारखान्याच्या फाटकातून त्यांना कधी आत सोडलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठलाही बिघाड सांगा, त्यांचं निदान एकच. अर्थिंग. ट्रॅक्टरचा हॉर्न घोगरा झाला? अर्थिंग. सून माहेरी गेली? अर्थिंग. आमचे आमदार निवडून आल्यावर गावात का फिरकत नाहीत, यावर मी एकदा त्यांच्यापुढे दीर्घ विवेचन केलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “म्हंजे अर्थिंग सुटलंय की. एवढं कशाला बोललीस?”

माझी गाडी त्यांच्याकडे गेली ती एका लढाईच्या ऐन तोंडावर. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर ढोकीला यायचं, आणि यायला फक्त वडाप जीप. आत माणसं कोंबलेली, मागं पोरं लोंबकळलेली. मुलींना तेही नाही. त्यांनी लोंबकळणं घरच्यांना चालत नाही आणि आत जागा मिळत नाही. म्हणून सातवी झाली की मुलगी घरी. माझी चुलत बहीण राणी त्याच वर्षी सातवीत होती. एसटीचे साहेब म्हणाले, वाटेवरच्या तिन्ही गावांच्या ग्रामसभांनी ठराव दिले तर सकाळची गाडी सोडू. तिन्ही ग्रामसभा सोमवारी होत्या. सगळ्या जीपा एकाच माणसाच्या होत्या. त्याला सगळे भाऊ म्हणत. ग्रामसभेला माणसं जमू नयेत याची काळजी भाऊ जातीनं घेत होता.

माझे वडील जन्मभर पत्रकं छापून वाटत आले. मी अक्षरं शिकले तीच “बंधू-भगिनींनो, जागे व्हा” या ओळीवर. त्यांची जुनी मोटारसायकल माझ्याकडे आली तेव्हा मी तिचं रूप पालटलं. मागची सीट कापून पत्रकांची लोखंडी पेटी, पुढच्या दिव्यावर भोंगा, बाजूला ॲम्प्लिफायर. दिसायला ती गाडी कमी आणि लग्नाची वरात जास्त वाटायची. आणि ग्रामसभेला दोन दिवस उरले असताना ऐन चौकात तिच्या चावीच्या खाचेतून धूर निघाला. इग्निशन स्विच वितळला, आतल्या तारा एकमेकींना चिकटल्या. मी गाडी ढकलत अण्णांकडे नेली.

अण्णांनी चाखली. “आंबट न्हाय, तिखट न्हाय. करपलीय.”

“अण्णा, सोमवारच्या आत होईल ना?”

“अक्का, कुणी केलंय हे वायरिंग?” मी त्यांच्या नातीच्या वयाची, तरी ते मला अक्काच म्हणायचे. “इथं अर्थिंगच न्हाय. ह्यापेक्षा तेरखेड्याच्या फटाक्याच्या कारखान्यात नेऊन घालायची गाडी.”

मग त्यांनी सगळ्या तारा उपटल्या आणि नव्या टाकल्या. सगळ्या लाल. कुठलंतरी दुकान बंद होताना त्यांनी लाल वायरीचं अख्खं भेंडोळं उचललं होतं, आणि ते संपेपर्यंत दुसरा रंग घ्यायचा नाही असा त्यांचा निश्चय होता. मग कुठली तार कशाची हे कसं कळणार? गाठींवरून. दिव्याच्या तारेला एक गाठ, हॉर्नच्या तारेला दोन, भोंग्याच्या तारेला जोडगाठ. पद्धत नामी होती. फक्त दुपारचं जेवण झाल्यावर दोन गाठी कशाच्या हे त्यांना आठवेना. आम्ही हॉर्न दाबला तेव्हा मागचा दिवा लागला.

“बंतु!” अण्णा म्हणाले.

“अण्णा, हॉर्न दाबला होता.”

“लागला तर खरं काय तरी. सुम्ने बस.” सुम्ने म्हणजे गप्प. हा शब्द त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवला होता.

शनिवारी संध्याकाळी गाडी जुळली. चावी फिरवली, किक मारली, इंजिन सुरू झालं. मी चावी काढली. इंजिन सुरूच. चावी माझ्या हातात आणि गाडी थरथर कापत उभी.

“अण्णा, बंद होत नाहीये!”

“चावीनं कशाला बंद हुईल?” अण्णांना माझाच राग आला. “ट्रॅक्टर हुतोय व्हय चावीनं बंद? दांडा वडायचा असतोय.”

“ही मोटारसायकल आहे!”

त्यांनी गाडीकडे असं पाहिलं, जणू ही बातमी त्यांना कुणी आधी सांगायला हवी होती. आयुष्यभर उसाच्या ट्रॅक्टरांवर हात चाललेला, आणि जुना ट्रॅक्टर खरंच दांडा ओढल्याशिवाय बंद होत नाही. अण्णांनी माझ्या गाडीत ट्रॅक्टरचा स्विच ट्रॅक्टरसारखा बसवला होता. कुरकुरत त्यांनी आणखी एक लाल तार टाकली, एक रिले लावला, आणि चावी काढली की इंजिन आणि भोंगा दोन्ही बंद पडू लागले. त्या तारेला त्यांनी गाठ मारली नाही. “ही तुज्या हट्टाची तार,” म्हणाले.

ट्रॅक्टरचा स्विच, याचा खरा अर्थ मला रविवारी सकाळी कळला. पत्रकं घेऊन मी दुकानाशी आले तर रात्री तिथंच ठेवलेली गाडी जाग्यावर नाही. चावी माझ्या खिशात! मी भाऊच्या नावानं शंख करायला तोंड उघडलं, तेवढ्यात समोरून माझी गाडी आली. वर एक अनोळखी ड्रायव्हर, आणि पत्रकांच्या पेटीत वांगी.

“लई झ्याक पळतीय, ताई,” तो म्हणाला, आणि स्वतःच्या ट्रॅक्टरची चावी माझ्या गाडीतून काढून निघून गेला.

मी अण्णांवर तुटून पडले. हा काय प्रकार आहे? माझी गाडी कुणीही न्यावी? अण्णांनी शांतपणे दाराच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. तिथं नेहमी एक ट्रॅक्टरची चावी टांगलेली असायची. रांगेतले ड्रायव्हर रात्र-रात्र उसाखाली बसून असतात. कुणी जेवायला जातो, कुणी ट्रॉलीखाली झोपतो. रांग पुढं सरकली की जो जागा असेल तो झोपलेल्याचा ट्रॅक्टर पुढं घेतो. त्या जुन्या ट्रॅक्टरांना एकमेकांच्या चाव्या चालतात. कुणाची नाहीच सापडली तर खिळ्यावरची घ्यायची. रांग अशीच चालते.

“पण माझी गाडी रांगेत नाही, अण्णा! ती माझी आहे!”

अण्णांनी माझ्याच गठ्ठ्यातलं एक पत्रक उचललं, हात लांब धरून एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. “रस्ता कुणाच्या बापाचा नाही. गाडी सर्वांची झाली पाहिजे. हौदा?” म्हणजे खरं का? “कुणी लिवलंय हे?”

“ते एसटीबद्दल आहे.”

“आणि ही?”

“ही... ही चळवळीची गाडी आहे.”

“मग वांगी बी चळवळीचीच हायेत की. संध्याकाळी खायाला ये.”

मी फार तावातावानं बोलले. सार्वजनिक मालकी आणि बेशिस्त यांतला फरक मी त्यांना समजावून दिला. तो फरक मला आजही मान्य आहे. अण्णा तोवर पकडीनं कान कोरत होते. स्विच बदलायला वेळ नव्हता. मी गाडी काढली. आधी सगळ्यात लांबचं गाव, मग ढोकीकडे परतत उरलेली दोन.

पहिल्या गावात भोंगा दणक्यात वाजला. बाया दारात आल्या, पत्रकं संपत आली. दुसऱ्या गावाच्या अलीकडे कालव्याचा पूल आहे. तिथं भाऊनं जीप आडवी घातली होती. तो उतरला, हसत हसत माझ्यापाशी आला. भोंगा बोलतच होता, “उद्या सकाळी प्रत्येक बाईनं घराबाहेर पडून...” भाऊनं हात घातला, चावी उपसली. इंजिन थांबलं, भोंगा थांबला. चावी कालव्यात गेली.

“बोला आता, ताई,” भाऊ म्हणाला. “चालत जाऊन बोला.”

अण्णांची ती बिनगाठीची तार, माझ्या हट्टाची! ती नसती तर गाडी सुरूच राहिली असती, हे मला त्या क्षणी सुचलं, आणि डोळ्यांत पाणी आलं. दोन गावं राहिली होती. एका गावाचा ठराव पुरणार नव्हता. मला घरी बसलेली राणी दिसत होती.

एवढ्यात मागं उसाचे ट्रॅक्टर येऊन थांबले. जीप आडवी, जाणार कुठून? पहिल्या ट्रॅक्टरवरचा म्हातारा ड्रायव्हर वाकून म्हणाला, “काय झालं गं?”

“चावी कालव्यात टाकली यांनी.”

त्यानं कालव्याकडे पाहिलं, भाऊकडे पाहिलं. त्याला खरंच काही समजलं नाही. “कशापायी?” असं म्हणून त्यानं स्वतःच्या ट्रॅक्टरची चावी काढली आणि माझ्यापुढं धरली. ट्रॅक्टर धडधडतच होता. “घे. मला आता कारखान्यापतूर लागत न्हाय. मागनं अण्णाच्या खिळ्याला लाव.”

भाऊ त्या चालू ट्रॅक्टरकडे बघतच राहिला. “ह्यो बंद कसा पडंना?”

“चावीनं कशाला पडंल?” म्हातारा म्हणाला. आवाजात हुबेहूब अण्णांचा राग होता.

भाऊनं ती चावीही हिसकायला हात पुढं केला, तर मागच्या ट्रॅक्टरवरून दुसरा हात बाहेर आला. त्यातही चावी. त्याच्या मागून तिसरा.

“मी किती फेकू?” भाऊ ओरडला.

“फेका की,” मागचा म्हणाला. “रांगेत लई हायेत. पर आदी जीप काढा मालक, ऊस वाळाय लागलाय.”

जीप निघाली. मी चावी फिरवली, किक मारली, भोंगा घेतला आणि वाक्य पुरं केलं, “...ग्रामसभेला यायचंच आहे!” पुलावर एकही बाई नव्हती. ड्रायव्हरांनीच “बंतु!” म्हणून आरोळी ठोकली.

तिन्ही ठराव झाले. सकाळची एसटी उशिरा का होईना सुरू झाली. ती वेळेवर येत नाही, त्यावर माझं नवं पत्रक तयार आहे. राणी तिच्यातून दहावीला जाते. त्या रविवारी संध्याकाळीच हा पुलावरचा सगळा पराक्रम मी अण्णांना रंगवून सांगितला. वांग्याच्या भाजीचा घास तोंडात धरून त्यांनी ऐकला आणि एकच प्रश्न विचारला, “रिले तापला का?”

अण्णा गेल्या पावसाळ्यात गेले. शेवटचे दिवस ते उमरग्याला लेकीकडे होते. तिनं फोनवर सांगितलं, की दवाखान्यात छातीला तारा लावल्या तेव्हा ते बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग नर्सला म्हणाले, “बाई, सगळ्या तारा वेगळ्या रंगाच्या? उगं खर्च. आणि ह्याचं अर्थिंग कुठंय?” हे सांगताना ती हसत होती.

या हंगामात रांगेत नवे ट्रॅक्टर आलेत. प्रत्येकाची चावी वेगळी. मालक म्हणतात, चोरीची भीती नाही. खरं आहे. आणि ड्रायव्हर झोपला की मागची सगळी रांग हॉर्न वाजवत, शिव्या देत त्याच्या जागं होण्याची वाट बघत बसते, हेही खरं आहे. प्रगती म्हणतात ती हीच असेल तर तिचं अर्थिंग कुणीतरी तपासलं पाहिजे.

अण्णांचं दुकान बंद आहे, पण दाराचा खिळा तसाच आहे आणि त्यावर चावी आहे. माझी गाडी तिथंच शेजारी उभी असते. स्विच मी बदललेला नाही. आता तुमच्याकडून एवढंच हवंय. घरात, गोठ्यात, जुन्या डब्यात निकामी म्हणून टाकलेली ट्रॅक्टरची चावी असेल तर ती भंगारात घालू नका. ढोकीला याल तेव्हा त्या खिळ्याला अडकवा. आणि तुम्हाला कधी अडलं तर माझी गाडी खुशाल घेऊन जा. वांगी आणा, नाहीतर ग्रामसभेची दवंडी द्या. फक्त येताना चावी जाग्यावर लावा, आणि भोंगा जरा बेतानं वाजवा. आजच सकाळी बघितलं, बॅटरी थोडी आंबट लागतेय.