मामांच्या हातांचे घट्टे

वल्ह्यानं येणाऱ्या फोडांचा माझ्या बायकोच्या मामांइतका विचार उभ्या पृथ्वीवर कुणी केला नसेल. रोह्याच्या खाली कुंडलिका नदीवर त्यांची तर, म्हणजे उतारूंना पलीकडे नेणारी होडी, चालायची. चाळीस वर्षं त्यांनी माणसं, बकऱ्या आणि भाताची पोती पलीकडे नेली आणि होडीत बसलेल्या प्रत्येकाचे तळहात तपासले. आमचं लग्न ठरताना त्यांनी पत्रिका बाजूला सारून माझाच हात ओढला. मी पेणच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारा. कुंचल्यापेक्षा जड वस्तू या हाताला ठाऊक नाही. "हात नाय, लोणी हाय," मामा म्हणाले, आणि चार रविवार वल्हं मारल्याशिवाय भाची मिळणार नाही असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

पहिल्याच रविवारी दोन्ही तळव्यांवर टपोरे फोड आले. मग मामांचा दवाखाना उघडला. फोडाचं कातडं ओढायचं नाही; सुई दिव्यावर तापवायची, सुती दोरा ओवून आरपार न्यायची आणि दोरा आतच ठेवायचा, म्हणजे पाणी हळूहळू झिरपतं. वरून खोबरेल आणि हळद. हे त्यांनी एकदा पलीकडे निघालेल्या एका डॉक्टरलाही भर पाण्यात होडी थांबवून शिकवलं होतं. तळव्यांतून दोरे लोंबत मी गाडीत बसलो, तर कासूला चढलेल्या बाईनं मला शिवणकाम करता का म्हणून विचारलं. श्रावण तोंडावर आलेला, कारखान्यात बिनडोळ्यांचे गणपती ओळीनं खोळंबलेले, आणि मला कुंचला धरवेना. त्या आठवड्यात मी लग्नाची आशा सोडली, नोकरीचीही सोडली. अखेर घट्टे धरले आणि लग्न झालं. त्या वर्षीचे गणपती मात्र जरा डोळे वटारूनच घरोघर गेले.

पुढे पूल झाला आणि तर बंद पडली. मामा पुलावर कधी चढले नाहीत. दोन वर्षांनी आम्ही गेलो तेव्हा ते ओट्यावर हात धोतरात लपवून बसले होते. सकाळी होडी ढकलून एकटेच पलीकडे जाऊन आले, असं मामींनी सांगितलं. मी त्यांचे हात बळेच उघडले. दोन्ही तळव्यांवर फोड होते. चाळीस वर्षांचे घट्टे कधीच गळून गेले होते आणि खाली तान्ह्या बाळासारखं मऊ कातडं आलं होतं.

मी सुई तापवून दोरा ओवला. मामा नदीकडे बघत होते.

"चार रविवारात घट्टे धरतील, व्हय ना जावईबापू?"

व्हय, म्हटलं. आणि डोळा आखताना धरतो तसा श्वास धरून मी सुई आत घातली.