मांडवातली मोकळी पट्टी

धाड गावात शेषरावभाऊंच्या मांडवात ज्यांची लग्नं लागली, त्या नवरदेवांना विचारून बघा. निम्म्यांच्या तरी डोक्यावर ऐन मुहूर्ताला ऊन आलेलं असेल. मांडव ऐसपैस, कापड नवं, कडेने झालरी, आणि छताला मधोमध एक लांबलचक फट. तिच्यातून सूर्य थेट खाली. मुलीचा बाप चिडून विचारायचा की हे काय प्रकरण आहे, तेव्हा भाऊ शांतपणे जमिनीकडे बोट दाखवायचे. तिथे दोरी बांधून राखलेली क्रिकेटची पिच असायची. तिच्यात खांब रोवायचा नाही, म्हणून वर कापडही नाही.

"नवरदेव काय आइस्क्रीम हाये का वितळाले?" ते म्हणायचे. "त्याचं अर्ध्या घंट्याचं काम हाये. पिचले वर्षभर राहाचं हाये."

भाऊंचं बिछायत केंद्र होतं. मांडव, खुर्च्या, सतरंज्या, स्वयंपाकाची मोठी भांडी भाड्याने द्यायची. हा झाला धंदा. आणि ज्याच्यासाठी ते तो धंदा खुशाल बुडवायला तयार असत, तो आमचा क्रिकेट क्लब. गावाच्या कडेला ई-क्लासची सरकारी पडीक जागा आहे. एरवी तिथे गुरं चरतात, बाजाराच्या दिवशी जीपगाड्या उभ्या राहतात, आणि रविवारी आम्ही खेळतो. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. भाऊंनी मधली माती खणून काढली, मुरूम भरला आणि वर्षानुवर्षं रोलर फिरवला. त्याचा परिणाम असा झाला की सगळ्या जागेत सपाट आणि टणक अशी तेवढीच एक पट्टी झाली, आणि गावात ज्याच्या घरी कार्य निघेल त्याला स्टेज नेमकं तिच्यावरच हवं असायचं. पिच जितकी चांगली, तितका तिला धोका जास्त. गावातले मांडव भाऊच घालत होते म्हणून ती टिकली, नाहीतर पहिल्याच लग्नसराईत तिची चाळण झाली असती.

मी मूळचा दुसरबीडचा, नोकरीमुळे धाडच्या शाळेत आलो. स्नेहसंमेलनासाठी खुर्च्या ठरवायला भाऊंकडे गेलो, तर खुर्च्यांचं राहिलं बाजूला, ते माझ्या हाताकडे बघत बसले.

"सर, बॉलिंग करता का तुमी?"

"कॉलेजात करायचो. ऑफस्पिन."

"मंग रविवारी या. खुर्च्या पोहोचतात शाळेत."

मी गेलो, आणि गुडघे बोलायला लागेपर्यंत जातच राहिलो. सकाळी पोहोचावं तर भाऊ आधीच काथ्याची मॅट अंथरून तिच्या कडांना खिळे ठोकत असायचे. कनात ताणायचा हात तो. मॅटवर हात फिरवून बघायचे, जरा सळ दिसला की सगळे खिळे उपटून पुन्हा सुरुवात. आम्ही कंटाळून म्हणायचो, भाऊ, चालतंय. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मांडवाले सळ चालते. इथं बॉल येते तोंडावर."

अंपायर आला नाही की तेच उभे राहायचे, आणि समोरच्या संघाला त्यात कधी काही वावगं वाटायचं नाही. का, ते सांगतो. त्यांचा मुलगा प्रशांत आमच्याकडून पहिल्यांदा फलंदाजीला आला, तेव्हा पहिलाच चेंडू त्याच्या पॅडवर आदळला. गोलंदाजाने धड अपीलही केलं नव्हतं, तेवढ्यात भाऊंचं बोट वर. संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. पोरगं तोंड फुगवून ताटावर येईना. भाऊ म्हणाले, "जेवाले बस बे. तू मैदानात औट हायेस, घरातून नाही." वहिनी पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मग टेनिस बॉलचे चषक आले. बॅनर, डीजे, पहिलं बक्षीस मोटारसायकल. आमचा सलामीचा फलंदाज एका पुढाऱ्याच्या संघातून षटकार मारायला लागला आणि रविवारी दिसेनासा झाला. दोघं-तिघं पुण्याला कंपनीत गेले. जे उरले त्यांची सासुरवाडी नेमकी रविवारी आजारी पडायची. लेदर बॉलची मॅच बघायला तर काळं कुत्रं येईना. कधी नऊ, कधी दहा जण घेऊन आम्ही खेळायचो. मी एकदा वैतागून म्हणालो की भाऊ, आता बंद करू. ते माझ्यावर असे उखडले की मी दोन पावलं मागे सरकलो.

"काऊन बंद करू? नऊ जनांनी जिंकू नये असं कुठी लिहेल हाये का?" मग जरा निवून म्हणाले, "टेनिसले माझी ना नाही सर. मारू द्या त्याहीले सिक्स. पन हा बॉल हातात बसला का बोट सुजते. त्याच्यासमोर कोनाची शायनिंग चालत नाही."

खरा प्रसंग आला तो नानासाहेबांच्या मुलाच्या लग्नात. नानासाहेब म्हणजे मोठे जमीनदार, पेट्रोल पंप, आणि गावात त्यांचा शब्द खाली पडायची पद्धत नाही. लग्न शनिवारी, आणि रविवारी त्याच मैदानावर चिखलीच्या क्लबबरोबर आमचा लेदर बॉलच्या लीगचा सामना. लीगचा नियम साधा होता. पिच खेळण्यालायक नाही असं पाहुण्या कर्णधाराने कळवलं की मैदान बाद, मग सगळे सामने चिखलीला. इथे गावात दहा जण जमवताना नाकी नऊ येत होते, तिथे दर रविवारी चिखलीला कोण येणार? मैदान गेलं की क्लब गेला, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

नानासाहेब स्वतः दुकानात आले. मी तिथेच होतो.

"शेषराव, स्टेज मधात पाह्यजे. आन फटबिट काही ठेवायची नाही. मंत्री येऊन राह्यले."

"नाना, दहा हात सरकवून घालतो. मंत्र्याले काय फरक पडते?"

"मले पडते."

"मंग मांडव दुसऱ्याले सांगा. माझ्या सब्बलीनं मी माझी पिच नाही खोदत."

"तुझी? जागा सरकारी हाये."

"जागा सरकारी हाये. मेहनत माझी हाये."

नानासाहेब उठून गेले. सबंध तालुक्यात गाजलेल्या लग्नाचं काम भाऊंनी हसत घालवलं, असं मी लिहू शकलो असतो. पण ते हसत नव्हते. त्यांनी वही काढली आणि त्या शनिवारच्या पानावर काट मारली.

मांडव चिखलीच्या बिछायतवाल्याने घातला. रविवारी उजाडता आम्ही गेलो तर पिचवर स्टेजच्या खांबांचे खड्डे, गुडलेंथला आचाऱ्याने खणलेली भट्टी, आणि तिच्यात कालची राख. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. गावात लग्नाला जागा नव्हती असं नाही. भाऊ बिछायतीचे गडी घेऊन आले होते, त्यांनी राख उपसली, ओला मुरूम थराथराने भरला, धुमसाने ठोकला. शेवटी मॅट ताणली. एक सळ राहिला होता, तर त्यांनी त्या घाईतही सगळे खिळे उपटले.

चिखलीचा कर्णधार आला, मॅटचा कोपरा उचलून खाली बघितलं आणि मान हलवली.

"जयभीम भाऊ. वाईट वाटते, पन ह्या पिचवर मी पोरं नाही उतरवत. कोनाचं डोकं फुटलं तर?"

"बरोबर हाये तुमचं," भाऊ म्हणाले. "पह्यले माझं फुटू द्या."

साठी उलटलेला माणूस. हेल्मेट नाही, धोतरावर पॅड बांधले, प्रशांतच्या हातातली बॅट घेतली आणि क्रीजवर जाऊन उभे राहिले. "तुमचा फास्ट बॉलर पाठवा. आन पोरा, हळू नको टाकू बे. हळू टाकला तर खरं कळनार नाही." पहिला चेंडू बुजवलेल्या भट्टीवर पडला आणि उसळून खांद्यावर बसला. आवाज सीमारेषेपर्यंत ऐकू आला. आम्ही धावलो. भाऊंनी हात वर करून आम्हाला तिथेच थांबवलं.

"पिच बरोबर हाये. मीच उशिरा खेळलो."

पुढचा चेंडू त्याच जागी पडला. या वेळी ते पुढे आले आणि बॅट अशी सरळ लावली की चेंडू पायाशी पडून राहिला. त्याच्यापुढचाही तसाच. कर्णधाराने आपल्या पोरांकडे बघितलं आणि खिशातून टॉससाठी नाणं काढलं.

तो सामना आम्ही सपाटून हरलो. मैदान मात्र लीगमध्ये राहिलं. भाऊंचा खांदा कितीतरी दिवस काळानिळा होता, आणि दुकानात येईल त्याला ते सदरा सरकवून दाखवायचे.

भाऊ गेले तेही लग्नसराईत. भरदुपारी, सतरंज्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या बसल्या. त्यांना श्रद्धांजली वाहायचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मैदानावर ठरला. आमच्यातल्या कुणाचे हात मांडवाला लागेनात, तर चिखलीचा तोच बिछायतवाला न बोलावता गाडी भरून आला. खांब उतरवण्याआधी त्याने मला बाजूला घेतलं. "सर, पिच कुठून कुठपर्यंत हाये?" मी चालून दाखवली. त्याने स्वतः दोरी बांधली.

माणसं मावत नव्हती. चषकांमागे गेलेली पोरं आली होती, पुण्याची रात्रीच्या गाडीने आली होती. दोन्हीकडे लोक आणि मधे ती रिकामी पट्टी, वर उघडं आकाश. नानासाहेब आले, पहिल्या रांगेत पट्टीच्या कडेला त्यांना खुर्ची दिली. भाषणं चालू असताना ऊन सरकत सरकत त्यांच्या मांडीवर आलं, मग तोंडावर. त्यांचा एक माणूस उठला.

"अरे, वर कापड टाका कोनी. मधात एक खांब रोवा. नानासाहेबाइले ऊन लागून राह्यलं."

प्रशांत उठला आणि त्याने हात जोडले.

"त्याहीची खुर्ची सरकवा," तो म्हणाला. "पिच सरकत नाही."

नानासाहेब उठले आणि आपली खुर्ची आपणच उचलून मागे नेली.

रविवारी तिथेच आमचा सामना होता. मॅट प्रशांतने ताणली. आम्ही दहाच जण होतो, आणि खेळलो.