यंदाची छागल कोणत्या सिनेमाला?

चांदभाईंच्या दुकानात एका कोपऱ्यात कातड्याच्या कातरणांचा ढीग असायचा. "कधीतरी लागतील," म्हणून ते वर्षानुवर्षं साठवायचे आणि कधीच लागायची नाहीत! आमच्या तंबूतल्या सिनेमाच्या किश्शांचाही तसाच ढीग झालाय, फक्त हे सारखे लागतात. चार जण जमले की एक जण म्हणतो, "मुन्शी, तो घोड्याचा सांग की बे!" घोड्याचा सांगितला की उंटाचा सांगावाच लागतो. आज सगळे एकदम सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा माझ्या मागं लागू नका.

मी बीडला कचेरीबाहेर अर्ज लिहायचो. निजामी अमल, कागद सगळा उर्दूत. लोकांची गाऱ्हाणी मराठीत ऐकायची अन् उर्दूत उतरवायची, हा माझा धंदा. कचेरी सुटली की समोर चांदभाईंच्या दुकानात. चांदभाई छागली शिवायचे. प्रवासात खांद्याला लटकवायची कातड्याची पाण्याची पिशवी ती छागल, आणि बीडच्या छागलीला पार हैदराबादेपर्यंत मागणी! तिसरा आमचा ज्ञानबा, चौसाळ्याचा शेतकरी. गाडी जुंपून गावच्या लोकांना सिनेमाला आणायचा आणि स्वतः सगळ्यांच्या पुढं बसायचा.

चौथा रंगनाथ, तलवाड्याचा गोंधळी. थंडीत बिंदुसरा नदीचं पात्र आटलं की वाळूत तंबू लागायचा. तंबूचा मालक शेठ, तो इंग्रजी मुलखातून सिनेमे आणायचा. सिनेमे मुके, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून ते सांगायचं काम रंगनाथचं. हे काम धरलं तेव्हा गोंधळ घालायची पिढीजात यजमानांची घरं त्यानं भावाला देऊन टाकलती. त्यामुळं तंबूवरच त्याची चूल पेटायची, दुसरं काहीच नव्हतं.

*

एका साली शेठनं जाहिरातीत छापलं, 'मुंबईत सोन्याचं मेडल मिळवलेला सिनेमा!' मी ते चांदभाईंना वाचून दाखवलं. शेठ तिथंच बसलेला.

"मेडल कुणी दिलं?" चांदभाईंनी विचारलं.

"मोठमोठ्या लोकांनी."

"कधी?"

"सिनेमा पाहिल्याबरोबर!" शेठ म्हणाला.

चांदभाई सुई खाली ठेवून हसायलाच लागले. "क्या शेठ! आमी छागल शिवली की पाणी भरून रातभर टांगतो. खाली राख पसरतो. सकाळी राख कोरडी असली तर माल पास. अन् तुमी शिवल्याबरोबर मेडल देता? टांगा की जरा!"

झालं! त्या दिवसापासून तोच आमचा कायदा. सिनेमा एक साल टांगून ठेवायचा. पुढच्या साली तंबू आला की दुपार कलली की, असरच्या नमाजापासून दिवेलागणीपर्यंत दुकानावरून जाईल त्याला अडवून विचारायचं, "गेल्या साली तंबूत काय पाहिलं?" तोंडातून पहिला निघेल त्या सिनेमापुढं मी एक रेघ मारायची. ज्याच्या रेघा जास्त, त्याला छागल! तंबूत, सगळ्यांसमोर, शेठच्या हातात.

छागल कुणाला मिळणार, याच्या चिठ्ठ्या आम्ही आदल्या सालीच लिहायचो. चांदभाई त्या एका गळक्या छागलीत टाकून तोंड शिवून टाकायचे, मागाहून लबाडी नको. ज्याची चिठ्ठी बरोबर निघेल त्याला सगळा सीझन खुर्ची, बाकीचे वाळूत. एवढा शिकलेला माणूस मी, पण माझं बूड कायम वाळूत!

*

पहिली छागल घोड्याची.

त्या साली राजाचा एक जंगी सिनेमा आलता. महाल, दागिने, लढाई, काय विचारू नका. आणि ज्ञानबा पुढं बसून सारखा ओरडतोय, "आरं, रथाचा डावा घोडा लंगडतोय! नाल बघा की कुणीतरी!"

मी म्हणालो, "राजाकडं बघ की बे!"

"राजाला काय बघायचं? त्यो तर बसलाय. चालतोय घोडा!"

मी चिठ्ठीवर दुसराच सिनेमा लिहिला. राजाच्या सिनेमात मला काही दम वाटला नव्हता. पुढच्या साली आम्ही रस्त्यात माणसं अडवली तर जो तो म्हणतोय, "त्यो लंगड्या घोड्याचा!" राजा कुणाला आठवेना, राणी आठवेना, लढाई कुणी जिंकली ते तर कुणालाच माहीत नाही.

शेठ छागल घ्यायला उभा राहिला. छाती फुगलेली. "आमच्या सिनेमातलं बीडकरांना सगळ्यात जास्त काय भावलं?" त्यानं विचारलं.

ज्ञानबा वाळूतून उठला. "ते ऱ्हाऊ द्या शेठ. नाल बदलली का न्हाई?"

*

एका साली मी चिडून लबाडी केली. खुर्चीसाठी नारायणगडाला नारळ बोललो आणि एकाच चिठ्ठीवर त्या साली लागलेल्या सगळ्याच्या सगळ्या सिनेमांची नावं लिहिली. आता कसा चुकेन?

चुकलो! शेठनं त्या साली एका सिनेमाची पत्रकं गावभर वाटलती, "येणार! येणार!" म्हणून. त्याचं पार्सल शेवटपर्यंत आलंच नाही. पुढच्या साली लोकांच्या तोंडात तोच. "लई भारी होता," एक म्हातारबा मला म्हणाले, "दोनदा बघितला."

*

नावेच्या सिनेमावरून तर कचेरीपर्यंत गेलं.

त्या साली माझा सिनेमा तीन रेघांनी मागं पडला. जिंकला तो नावेचा. पण माझ्या ध्यानात आलं, लोक त्याचा शेवट वेगवेगळा सांगतायत. कुणी म्हणे नायिका मेली, कुणी म्हणे तिचं लग्न झालं, कुणी म्हणे तसलं काही झालंच नाही. मी हरकत घेतली. हे तीन वेगळे सिनेमे, रेघा वाटून टाका! चांदभाई म्हणाले, "मुन्शीजी, एका खुर्चीसाठी किती त्रास करून घेता जिवाला!" पण मी मागं हटणारा नव्हे. कचेरीतल्या पेशकारसाहेबांना न्याय करायला बोलावलं. हैदराबादेकडचा माणूस, मोठा शिस्तीचा. साक्षी झाल्या, आणि शेवटी रंगनाथला उभं केलं.

रंगनाथ म्हणाला, "साहेब, सिनेमा एकच हाय. शेवटाला नाव लांब लांब जाती, एवढंच दिसतंय. गुरुवारी बायका येत्यात, त्यांना पोटभर रडायचं असतंय, म्हणून नावेत मुडदा. शुक्रवारी कचेरीला सुट्टी, लोक खुशीत असत्यात, म्हणून नावेत वरात. बाजाराच्या दिवशी माणसं दमलेली. तवा नावेत कुणीच न्हाई, समदे घरी गेले!"

पेशकारसाहेबांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. मग हळूच म्हणाले, "मैं तो पहले ही रोज आया था. मेरी नाव में क्या था?"

"तुमी झोपलतात, साहेब."

छागल नावेलाच मिळाली.

*

आता उंटाचा.

एका निरपराध माणसाला सूर्य उगवताना फाशी द्यायची असते आणि त्याच्या माफीचा कागद घेऊन एक सांडणीस्वार निघतो, असा तो सिनेमा. शेठ त्या दिवशी दुसरे सिनेमे आणायला परगावी गेलता. उंट वाळवंटात पळतोय, सगळा तंबू श्वास धरून बसलाय, अन् मशीनमध्ये रीळ पेटलं! आपरेटरनं वाळू ओतून विझवलं, पण अर्धा सिनेमा जळून गेला. पडदा पांढराफटक. लोक उठायला लागले.

"बसा!" रंगनाथ ओरडला. "उंट थांबला न्हाई, तर तुमी कावून उठले? आपरेटर, बत्ती तेवढी चालू ठेव!"

आणि त्या कोऱ्या पडद्याकडं बोट दाखवून तो सांगायला लागला. उंट चौसाळ्यात आला. ज्ञानबाच्या दारात बसला. ज्ञानबानं कडबा टाकला. सगळा तंबू वळून ज्ञानबाकडं बघतोय आणि ज्ञानबा मान डोलावतोय, "टाकला, टाकला!" मग मांजरसुंब्याचा घाट उतरून उंट बीडला आला. चांदभाईंनी छागल भरून दिली. आणि मग कचेरीसमोर मुन्शीनं, म्हणजे मी, त्याला अडवलं! कागदावर शिक्का नीट उठलेला नाही म्हणून!

"मुन्शी, सोड त्याला!" मागून कुणीतरी माझ्या पाठीवर वाळू फेकली. "सोड की बे, माणूस मरतोय तिकडं!"

मी खरंच उठून हात जोडले. "सोडला, बाबांनो, सोडला!"

उंट पोहोचला, फाशी टळली, तेव्हा अख्खा तंबू उभा होता. बायका डोळे पुसत होत्या. मीही पुसले, खोटं कशाला बोलू!

तरी चिठ्ठीवर मी दुसराच सिनेमा लिहिला. म्हटलं, अर्धा जळालेला सिनेमा कसला टिकतोय!

*

शेठ परत आला, जळकं रीळ बघून त्याचं डोकं फिरलं. पुढं तंबूत काय घडलं ते ऐकूनच घेईना. तंबू काढायच्या दिवशी रंगनाथला म्हणाला, "पुण्याकडं आता सांगणारा कुणी ठेवत नाही. पुढच्या साली मी ग्रामोफोन लावणार. नंतर बोलता सिनेमा येतोच आहे. तू आपलं दुसरं बघ."

रंगनाथ दुकानात येऊन बसला. चहा मागवला, तो तसाच निवला. "भावाकडं कोणत्या तोंडानं जाऊ?" तो म्हणाला. "घरं माझ्या हातानं दिली मी." दुसऱ्याच्या गाऱ्हाण्यावर पोट भरणारा माणूस मी, पण त्या दिवशी मला एक ओळ सुचली नाही. लई वाईट वाटलं.

साल गेलं. तंबू आला. आम्ही रस्त्यावर माणसं अडवली, आणि पहिल्या माणसापासून शेवटच्यापर्यंत एकच, "उंटाचा!" त्या दिवशी जे आलेच नव्हते ते पण, "उंटाचा!"

शेठ हरखून गेला. म्हणाला, त्याच सिनेमाची नवी, अख्खी कॉपी मागवतो, ती दाखवूनच छागल घेतो. मी त्याला खरं काय ते सांगायला निघालो, तर चांदभाईंनी माझा सदरा धरला.

"नक्को, मुन्शीजी. भरून टांगू द्या. गळतंय का बघू."

*

तंबू खच्चून भरला. शेठ खुर्चीवर, फेटा बांधून. शेजारी पेशकारसाहेब. चांदभाईंच्या मांडीवर नवी कोरी छागल. रंगनाथ तिकीट काढून आमच्यात, वाळूत बसलेला. ज्या पडद्याशेजारी उभा राहायचा, त्याच्याकडं तो बघतही नव्हता.

ग्रामोफोन सुरू झाला. उंट निघाला. लोक खूश. मग गेल्या साली जळाला होता तो भाग आला. उंट वाळवंटातच पळतोय. खजुराची झाडं, परत वाळवंट, मग एक भला मोठा महाल.

"चौसाळा कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"अन् घाट?"

ज्ञानबा ताडकन उठला. "माझ्या दारात उंट बसलता! मी कडबा टाकला! ह्यो शेठ म्हणतोय, बसलाच न्हाई!"

"खोटा सिनेमा! खोटा सिनेमा!" एकच गिल्ला झाला. ग्रामोफोन ऐकू येईना.

शेठ हात जोडून सांगतोय, "अहो, हाच खरा आहे! अख्खा आहे!" कोण ऐकतंय!

पेशकारसाहेब उभे राहिले. तंबू गप्प झाला. "शेठ," ते म्हणाले, "असल सिनेमा पेश किया जाए."

"बत्ती ठेवा, चित्र काढा!" ज्ञानबा ओरडला आणि रंगनाथला दोन्ही खांदे धरून उठवलं.

पडदा पांढरा झाला. रंगनाथ त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला. मग खाकरला, आणि उंट निघाला. चौसाळ्यात ज्ञानबानं यंदा दोन पेंढ्या टाकल्या. कचेरीसमोर मुन्शीनं यंदा कागद बघितलासुद्धा नाही, नुसता हात केला, जा! तंबूत टाळ्या पडल्या. माझ्यासाठी!

आणि मग रंगनाथनं रस्ता बदलला. उंट आमच्या बिंदुसरेच्या पात्रात उतरला. पलीकडच्या काठावर फाशीचा खांब. तांबडं फुटतंय. उंट कोसळला. स्वार पळत निघाला. इथनं ओरडला तर तिकडं ऐकू जाईल, पण घसा सुकलेला, आवाजच निघत नाही.

"समोर बघतोय तर तंबू," रंगनाथ म्हणाला. "दारात शेठ उभा. आत खुंटीला भरलेली छागल. स्वार पाया पडतोय. शेठ, आत येऊ द्या. घोटभर पाणी द्या. एवढा एक आवाज काढू द्या मला…"

आणि रंगनाथ थांबला.

पेशकारसाहेब पूर्ण जागे होते. रंगनाथ नुसता त्या पांढऱ्या पडद्याकडं बघत उभा.

"देतो का न्हाई?" मागून एका बाईचा रडका आवाज आला.

शेठची खुर्ची मागं कलंडली. फेटा सुटून गळ्यात आलेला, डोळ्यांत पाणी, आणि शेठ उभा राहून ओरडतोय, "अरे देतो! पाणी देतो, आत घेतो! पुढं सांग की बे!"