स्वयंसेवकांनी कृपया मंचावर यावे

चाकणच्या कंपनीत शिफ्ट सुरू होताना सुरक्षेची शपथ मी वाचतो. पंधरा वर्षं वाचतोय. कुणी ऐकत नाही, पण माझा आवाज दणदणीत आहे, आणि तेवढ्या एका गुणावर आमच्या मोटार क्लबानं मला कायमचा सूत्रसंचालक करून टाकलं.

क्लब म्हणजे एकाच जुन्या मॉडेलच्या गाड्या बाळगणारे आम्ही तीसेक जण. ती गाडी बनवणं कधीच बंद झालंय. सुटे भाग मिळत नाहीत, गॅरेजवाले तिला लांबून बघूनच मान हलवतात, आणि म्हणूनच ती बाळगणाऱ्याला आपण काहीतरी खास आहोत असं वाटतं. मलाही वाटतं. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही रांगेनं कुठल्यातरी घाटात जातो, मिसळ खातो, गाड्यांचे फोटो काढतो आणि परत येतो. फोटोत गाड्या झकास दिसतात. त्या तिथवर पोचल्या कशा, हे फोटोत येत नाही.

त्या पोचायच्या दोन माणसांमुळे. एक सांगवीचे काका. टूलरूममधून निवृत्त झालेले फिटर, सत्तरीच्या घरातले, कपड्यांना कडक इस्त्री. गाडी बंद पडली की ते बॉनेटजवळ कान नेत, मिनिटभर ऐकत राहत, मग "हिला हवा कमी पडतीय" असं काहीतरी पुटपुटून पिशवीतनं पाना काढत. दुसऱ्या दिघीच्या ताई. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत आणि कारखान्यात आयुष्य घालवलेल्या वडिलांची गाडी जिवापाड जपत. रस्ता आखणं, नाश्त्याची जागा ठरवणं, मागे पडलेल्यांना गोळा करणं, सगळं त्यांच्याकडे. वयानं त्या माझ्यापेक्षा लहान, पण क्लबात साठीचे गृहस्थही त्यांना ताईच म्हणायचे. काम सांगायला ताई म्हटलं की बरं पडतं.

अध्यक्षांचा भोसरीला कारखाना आहे. माणूस वाईट नाही. फक्त त्यांना प्रत्येक फोटोत मधोमध उभं राहावं लागतं, आणि फोटोला मध्य एकच असतो. डिसेंबरात त्यांनी मला बोलावून घेतलं.

"भाऊ, यंदाच्या स्नेहमेळाव्यात स्वयंसेवकांचे आभार एकदम झोकात मानायचे. तुम्ही मस्तपैकी लिहून आणा."

मी लिहून नेलं. पहिल्या ओळीत काका आणि ताई. अध्यक्षांनी कागद वाचला, खिशातनं पेन काढलं आणि त्या दोघांवर एक सरळ रेघ मारली. मग वरून सुरुवात केली. प्रमुख पाहुणे, लॉनचे मालक, टायरचे विक्रेते, कार्यकारिणी, कार्यकारिणीला सहन करणाऱ्या त्यांच्या सौभाग्यवती, फोटोग्राफर. आणि सगळ्यात शेवटी, "ज्ञात-अज्ञात स्वयंसेवक".

"अहो, अज्ञात कसे?" मी म्हणालो. "गाडी बंद पडली की पहिला फोन काकांनाच करतो आपण."

"तुम्हाला कळत नाही राव. दोघांची नावं घेतली की बाकीचे अठ्ठावीस रुसतात. कुणाचंच घेतलं नाही, तर कुणीच रुसत नाही."

"पण पाहुण्यांचं नाव घेतलंय, टायरवाल्यांचं घेतलंय."

"ते रुसले तर महागात पडतं," अध्यक्ष म्हणाले आणि पेनाला टोपण लावलं.

मी पुढे काही बोललो नाही. हे मी कबूल करून टाकतो, कारण यानंतर मी थोडा शूरपणा केल्यासारखा दिसणार आहे. त्या दिवशी मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि त्यांच्याकडचा चहाही घेतला.

मेळावा चिखलीतल्या एका लॉनवर होता, रविवारी सकाळी. मी पोचलो तेव्हा ताई शिट्टी वाजवत गाड्या ओळीत लावून घेत होत्या आणि काका कुणाच्या तरी दारातला खडखडाट काढत होते. अध्यक्षांनी आपली गाडी प्रवेशद्वाराशी उभी करून, फोटो चांगले यावेत म्हणून, भर उन्हात तिचे सगळे दिवे लावून ठेवले होते. दोन तासांत बॅटरी बसली. ढकलून चालू करायला गेले तर इंजिनानं असा काही आवाज केला की पाहुण्यांच्या स्वागताची सनई बिचकली.

"काका, कार्यक्रम संपायच्या आत चालू झाली पाहिजे हं," अध्यक्ष फेटा सावरत म्हणाले. "पाहुण्यांना एक चक्कर मारून आणायचंय."

काकांनी जमिनीवर पोतं अंथरलं, इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली गेले. ताई त्यांच्या मदतीला थांबल्या. आत मंडपात कार्यक्रम सुरू झाला.

पाहुणे तासभर उशिरा आले, उलट्या दिशेनं घुसले, कारण सरळ यायचं तर पुढच्या चौकातून वळसा पडतो. आल्या आल्या ते वाहतुकीच्या शिस्तीवर चाळीस मिनिटं बोलले. मग माझी पाळी आली. मी कागद उलगडला आणि शपथेच्या आवाजात वाचत गेलो. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. शेवटच्या ओळीला पोचल्यावर म्हणालो, "आता आपले ज्ञात-अज्ञात स्वयंसेवक. त्यांनी कृपया मंचावर यावे."

कोणीच आलं नाही.

मी पुन्हा पुकारलं. खुर्च्यांमधून लोक मागे वळून बघू लागले. यायचे कुठून? एक गाडीखाली होते आणि दुसऱ्या त्यांना पाना देत होत्या. टेबलावर स्मृतिचिन्हांचे आठ खोके तयार होते. आत भिंतीवरची घड्याळं. डायलवर क्लबाची गाडी आणि तिला टेकून उभे असलेले अध्यक्ष. बारा वाजले की दोन्ही काटे थेट त्यांच्या कपाळावर यायचे.

मंच रिकामा बघून अध्यक्षांना राहवेना. त्यांनी पहिल्या रांगेला हात केला. "या, या, लाजताय काय! कार्यकारिणी म्हणजे स्वयंसेवकच की."

सात जण उठले. फारसे लाजले नाहीत. त्यातल्या एकाला मी वर्षभरात फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर सुप्रभात म्हणताना पाहिलं होतं. त्यानं निःस्वार्थ सेवेबद्दल दोन शब्द सांगितले आणि डोळे पुसले. सातांनी सात घड्याळं घेतली. आठवं उरलं ते अध्यक्षांनी माझ्या हातात ठेवलं. मी ते घेतलं, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसलोही.

तेवढ्यात ताई दारात आल्या. हात काळे, ओढणी कंबरेला खोचलेली. "अध्यक्षांच्या गाडीची किल्ली कुणाकडे आहे?" त्यांनी विचारलं. पहिल्या रांगेत पाहुणे बसले होते. त्यांनी मान न वळवता खिशातून स्वतःचीच किल्ली काढली आणि ताईंच्या हातावर टेकवली. "आमची पण जरा सावलीला लावा, बाई."

ताईंनी एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा मंचाकडे, सात घड्याळांकडे, आणि माझ्याकडे. मग बाहेर गेल्या आणि पाहुण्यांची गाडी सावलीला लावली.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर मी मंचावरच बसून राहिलो असतो, याची मला खात्री आहे. त्यांचं ते नुसतं बघणं मला सोसलं नाही. माईक बिनवायरचा होता. मी तो हातात घेऊनच खाली उतरलो आणि चालत बाहेर आलो. मागून अध्यक्षांची हाक आली, "भाऊ, कुठं निघालात?" मी थांबलो नाही. गाडीपाशी आलो. गाडीखालून काकांचे फक्त पाय दिसत होते.

"मित्रहो," मी माईकवर म्हणालो, "आपल्या क्लबाच्या गाड्या ज्यांच्यामुळे चालतात, ते काका इथे आहेत. आपण सगळे त्यांचे आभार मानतो. काका, दोन शब्द बोला." आणि वाकून माईक गाडीखाली धरला.

"त्यो भोंगा बंद कर आधी," गाडीखालून आवाज आला आणि लॉनभर घुमला. "खाली ठोकून बघतोय, टकटक ऐकू यीना मला."

आत खसखस पिकली.

"काका, अहो, सगळे ऐकतायत. काहीतरी सांगा."

"काय सांगू? अध्यक्षाला सांग, ह्या गाडीत ऑइलच न्हाई. वरीसभर कुणी बघितलंच न्हाई. दिवं तेवढं चकाचक पुसल्यात. आतनं समदी कोरडी हाय ही."

आता मात्र टाळ्या पडल्या. त्या दिवसातल्या पहिल्या खऱ्या टाळ्या. अध्यक्षांनी दुसरा माईक ओढून "काका आमचे फार विनोदी आहेत" असं सांगितलं आणि लगेच जेवणाची घोषणा केली. पाहुण्यांची चक्कर रद्द झाली.

मला वाटलं, मी फार मोठं काम केलं. जेवण झाल्यावर आठवं घड्याळ घेऊन काकांकडे गेलो. ते नळावर हात धूत होते.

"हे तुमचं आहे, काका."

त्यांनी खोका उघडून बघितलं. "मला नको लेका. ह्याचं तोंड घरात कुठं लावू?"

ताई बाजूलाच ताट घेऊन उभ्या होत्या. भात संपल्यामुळे नुसती पुरी-भाजी खात होत्या. "दादा, भाषण छान झालं तुमचं," त्या म्हणाल्या. "आता एक सांगा. काका घरी कसे जातात?"

"कसे म्हणजे? गाडीनं जात असतील."

"कुठल्या गाडीनं?"

काकांची गाडी मी शेवटची कधी पाहिली होती, ते आठवेना.

"चार वर्षांपूर्वी विकली त्यांनी," ताई म्हणाल्या. "डोळ्यांचं झालं, लायसन पुन्हा काढलं नाही. दोन बस बदलून येतात, पिशवी घेऊन. मला जमेल तेव्हा मी सोडते, पण आज मला इथून लॅबला जायचंय. तीस गाड्या आहेत ना आपल्याकडे?"

काकांना हे ऐकून अवघडल्यासारखं झालं. "अगं, बसला कंटाळा न्हाई मला. खिडकी मिळती."

चार वर्षं! आम्ही फोन करायचो, "काका, अमुक ठिकाणी सकाळी सहाला," आणि काका सहाला हजर असायचे. कसे आले, हे माझ्यासकट एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं. रस्त्यात त्यांना कितीदा मागे टाकलं असेल, कोण जाणे. अध्यक्षांवर मी मनातल्या मनात जेवढे शब्द ठेवले होते, ते सगळे मला चपखल बसत होते.

"चला, मी सोडतो," मी म्हणालो.

"तू इथला, चिखलीचा. तुला उलटं पडंल."

"पडू दे."

काका पिशवी मांडीवर घेऊन बसले. रस्त्यानं मी बोलत होतो, माफी मागायचा सूर लावत होतो, आणि ते नुसते "व्हय, व्हय" करत होते. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. दोनेक किलोमीटरवर त्यांनी हात वर केला.

"थांबीव."

"काय झालं, काका? बरं वाटत नाहीये का?"

"मला काय धाड भरलीय? बाजूला घे. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय तुझ्या. कवापासनं वाजतंय, तुला ऐकू येत न्हाई व्हय?"

मला खरंच येत नव्हतं. मी गाडी कडेला घेतली. काका दार उघडून खाली उतरले, आणि मी डिकीतून जॅक काढायला गेलो.