पेंढा भरलेलं वासरू
वाळल्या पेंढ्याचा वास आला की मला मद्रासचं, एग्मोरमधलं आमचं जुनं दार दिसतं. उंबऱ्यापुढं ओलं कोलम, म्हणजे तिकडची तांदळाच्या पिठाची रांगोळी, आणि दारातच गाईची धार काढून देणारी गवळण. त्या काळी सरकार दुसरी गाय घ्यायला कर्ज देई. तिचा अर्ज माझ्या कारकून वडिलांनी आमच्या ओसरीवर बसून मोठ्या झोकात लिहून दिला होता. मग एका पहाटे नवी गाय आली, तांबूस, शिंगं निळी रंगवलेली. आईनं तिला हळदकुंकू लावलं, पण गाय काही पान्हवेना. "हिचं वासरू कुठंय?" वडिलांनी विचारलं. "सामी, तुम्ही 'गाय एक' एवढंच लिहिलंत," गवळण हळूच म्हणाली, "विकणाऱ्यानं कागद बघितला आन् वासरू घेऊन गावाकडं गेला." दुसऱ्या दिवशी तिनं पेंढा भरलेलं कातड्याचं वासरू, मीठ चोळून, गाईपुढं ठेवलं. गाय डोळे मिटून ते चाटत राहिली आणि चरवीत धार वाजू लागली. आई हसली. वडील आत गेले. त्या दिवसापासून ते कोरी कॉफी पिऊ लागले; दुधानं पित्त होतं, म्हणायचे. आज मी त्यांच्याहून म्हातारी झालेय, पण त्यांना कधी पित्त झालेलं मला आठवत नाही.